मुंगीची दोन घरं

१२ जानेवारी

मुलीच्या आईस,

नमस्कार. पत्राच्या डोक्यावर 'स. न. वि. वि.' लिहायची मला शाळेपासूनची सवय. पण त्यातला पहिला 'स' सप्रेमचा, आणि तुम्हाला मी पाहिलेलंसुद्धा नाही. उगाच खोटं कशाला लिहा? म्हणून नुसता नमस्कार.

मी शिवणकाम करते. शाळांचे गणवेश, दवाखान्यातले झगे, पडदे, जे येईल ते. आमचे हे बस चालवायचे, आता निवृत्त होऊन घरी आहेत आणि माझ्या डोक्यावर आहेत. मुलगा नोकरीसाठी लांब असतो. तुमची मुलगी आमच्याकडे आली त्याला तीन आठवडे झाले. नव्या कायद्यात आम्हाला 'प्रतिपालक' म्हणतात. हे म्हणतात, या शब्दासाठी आधी चूळ भरून यावं लागतं. त्याच कायद्यात असंही आहे, की मुलाच्या दोन्ही घरांनी महिन्यातून एकदा एकमेकांना पत्र लिहायचं. ऑफिसातल्या बाई ते वाचणार आणि मग पुढे पाठवणार. पत्ते द्यायचे नाहीत. म्हणून हा उद्योग.

आम्ही यात कसे पडलो तेही सांगते. ह्यांची बस वीस वर्षं मुलांच्या त्या मोठ्या संस्थेवरून जायची. फाटकाच्या गजांना धरून मुलं उभी असायची, आणि हे रोज हॉर्न वाजवायचे. संस्था बंद होणार, मुलं घराघरांत ठेवणार असं रेडिओवर ऐकलं, त्या दिवशी हे जेवताना म्हणाले, "वीस वर्षं नुसता हॉर्न वाजवला." दुसऱ्या दिवशी आम्ही नाव नोंदवलं.

मुलगी सांगितलेलं सगळं करते. बोलत मात्र नाही. नावाने हाक मारली तर वळूनही बघत नाही. परवा हे शर्टांची बटणं मोजून देत होते मला. एकोणतीस, तीस, एकतीस. एकतीस म्हटल्याबरोबर ती ताडकन उभी राहिली, हात खाली, मान खाली. संस्थेत तिच्या टॉवेलवर, ताटावर, पलंगावर तो आकडा होता म्हणे. ह्यांनी उरलेली बटणं न मोजता डब्यात टाकली.

एक विचारायचं आहे, राग मानू नका. तिच्या उशीच्या अभ्र्यात पावाचे तुकडे सापडतात. काढले की दुसरे येतात. तुमच्याकडे तिला पोटभर मिळत नव्हतं का? जे दिसेल ते कळवा अशी ऑफिसची सूचना असल्याने मी तसं कळवलं आहे.

प्रतिपालक बाई

२ फेब्रुवारी

बाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. मी लॉन्ड्रीत इस्त्री करते, हॉटेलांच्या चादरी. लिहायची सवय नाही.

तिला फाईलमधल्या नावाने आजवर कोणी हाक मारलेली नाही. तिला मुंगी म्हणा. चालायला लागली तेव्हा खोलीच्या मधून कधी चालायची नाही, भिंतीच्या कडेकडेने जायची. तिच्या वडिलांनी ते नाव ठेवलं. ते गेले त्याला दोन वर्षं झाली.

डाव्या कानामागे तिला दुखतं, वेणी घालताना तिकडे ओढू नका. हनुवटीखालचा व्रण जिन्यात पडल्याचा आहे. कोणी विचारायच्या आत सांगते.

पावाचं तुम्ही लिहून दिलंत. ऑफिसातल्या बाईंनी मला तो कागद वाचून दाखवला. 'मूल उपासमारीतून आलेलं दिसतं.' तो आता फाईलला लागला आहे. मग मला विचारून काय उपयोग?

आठ महिने ती संस्थेत होती, तेव्हा तिचं कसं चाललंय हे मला कोणी एका शब्दाने कळवलं नाही. आईला काही कळवलं की मूल बिथरतं, असं म्हणायचे. आता नियम बदलला म्हणून तुमचं पत्र तरी आलं. मी ते चार वेळा वाचलं. एकतीसचं मात्र एकदाच वाचलं, नंतर तेवढ्या ओळी सोडून पुढे गेले.

मुंगीची आई

२४ फेब्रुवारी

मुंगीच्या आईस,

नमस्कार. तुमचं पत्र आलं त्या दुपारी ती मोरीत नळाखाली पाय धूत होती. मी दारातून म्हटलं, "मुंगे, साबण घे." नळ चालू ठेवून ती वळली. माझ्याकडे असं बघितलं, की मीच घाबरले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या आईने. पत्र आलंय."

"आई उठली?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, "उठली म्हणजे काय, कामाला जाते. चादरींना इस्त्री करते." तिने नळ बंद केला, पाय न पुसता आत आली आणि म्हणाली, "पत्र दाखवा." वाचता येत नाही अजून धड, पण बराच वेळ धरून बसली. मग जी टकळी सुरू झाली ती आजतागायत. ह्यांना विचारते, बसला ब्रेक नसता तर तुम्ही काय केलं असतं? हे म्हणतात, तुला बसवलं असतं पुढे, तुझ्या प्रश्नांनी इंजिन आपोआप बंद पडलं असतं.

भेटीची तारीख तुम्हालाही कळली असेल. १० मार्च, सकाळी दहा, ऑफिसात. तिच्यासाठी फ्रॉक शिवते आहे. कापड तिनेच निवडलं. पाव अजून सापडतो, पण ते राहू द्या. मागचं पत्र जरा कोरडं झालं माझं. मला कात्री चालवायची सवय, शब्दही तसेच कापले जातात.

शिवणाऱ्या बाई

११ मार्च

मुंगीच्या आईस,

दहा ते एक. तीन तास ती ऑफिसच्या बाकावर बसली होती. फ्रॉक चुरगळू नये म्हणून मागे टेकलीसुद्धा नाही. सुरुवातीला मी तिला हसवत होते, ह्यांच्या गमती सांगत होते. अकरानंतर तिने हसणं बंद केलं. दर वेळी दार वाजलं की ती उठायची. तुम्ही आला नाहीत. निरोप नाही, काही नाही.

मोठ्या माणसांना 'येते' म्हणून सांगावं आणि जाऊ नये, ते चालून जातं. लेकरांना नाही चालत, बाई.

रडली नाही. घरी येऊन फ्रॉक घडी करून ठेवला आणि म्हणाली, "आईला बरं नसेल." तुमची बाजू घ्यायला तीच उरली आहे. हे वाक्य मी खोडणार होते. नाही खोडत.

३ एप्रिल

बाईंना नमस्कार.

ताप होता. चूक झाली. एकोणीस तारखेची वेळ मिळाली आहे, येईन.

फ्रॉकचा रंग कोणता होता?

मुंगीची आई

२ मे

मुंगीच्या आईस,

नमस्कार. एकोणीस तारखेला तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं होतं तुम्ही माझ्या वयाच्या असाल. तुम्ही तर माझ्या मुलापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठ्या दिसलात. आपण दोघी 'नमस्कार' म्हणालो आणि मी बाहेर जाऊन बसले. काचेतून दिसत होतं. अर्धा तास तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला आणि ती या बाजूला. तिला जवळ घेतलं नाहीत. माझा स्वभाव लपवायचा नाही म्हणून सांगते, मला ते खटकलं.

फ्रॉक पिवळा होता. त्या दिवशी तिने घातला नाही.

आता मुख्य गोष्ट. ऑफिसने आम्हाला विचारलं, गरज पडली तर मुलीला कायमचं ठेवाल का? आम्ही हो म्हटलं. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये. १८ जुलैला समितीसमोर सुनावणी आहे, तिथे काय ते ठरेल. तुमच्याशी माझं वैर नाही. पण ती इथे रुळली आहे. शाळेत मैत्रीण झाली आहे. दात पडला तेव्हा माझ्या शिलाई मशीनच्या खणात ठेवला, म्हणाली इथे हरवणार नाही. लेकराला सारखं उपटून इकडून तिकडे लावलं तर मूळ धरणार कधी?

तुम्ही नीट विचार करावा.

शिवणाऱ्या बाई

२६ मे

ताई,

हे पत्र ऑफिसातून येत नाही. तुमचा पत्ता बाईंच्या टेबलावरच्या कागदावरून उलटा वाचला. आम्ही दिवसभर चादरींवरच्या खुणा उलट्या वाचतो, त्याची सवय. नियम मोडला आहे. सांगायचं तर सांगा.

१० मार्चला मला ताप नव्हता. मी आले होते. पावणेदहाला पोचले, जिना चढले, दाराच्या काचेतून आत पाहिलं. ती तुमच्याकडे बघून हसत होती. तुम्ही काहीतरी सांगत होतात, हाताने बसचं चाक फिरवल्यासारखं करत होतात. तिला इतकं मोकळं हसताना मी तिचे वडील गेल्यापासून पाहिलं नव्हतं. माझा हात दारावर होता. मला वाटलं, मी आत गेले की हे थांबणार. मी जिना उतरले. खाली चौकात बसून राहिले दुपारपर्यंत. ती तीन तास वाट बघेल हे डोक्यात आलं नाही. मला वाटलं, विसरेल.

आणि एकोणीस तारखेला जवळ घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर अर्ध्या तासाने सोडवलं नसतं. मग त्यांनी फाईलमध्ये लिहिलं असतं, आईने गोंधळ घातला.

आता मूळ गोष्ट. फाईलमध्ये 'दुर्लक्ष' असं लिहिलं आहे, म्हणून तुम्हाला वाटत असेल मी कुठे भटकत होते. मी कुठेच नव्हते. अंथरुणात होते. ते गेल्यावर वर्षभर काम केलं, सगळं केलं, आणि मग एका सकाळी उठताच येईना. दुखत काही नव्हतं. हात उचलायचा म्हटला तरी तो दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. कामावरून निरोप आला, मी ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटायचं मी आळशी झाले. दवाखान्यात नंतर त्याला आजाराचं नाव दिलं, गोळ्या दिल्या, सहा महिन्यांत मी उभी राहिले. पण ते नंतर.

ते दिवस मला नीट आठवत नाहीत. शाळेतून माणसं आली तेव्हा मुंगीने स्टुलावर चढून कडी काढली आणि म्हणाली, "आई झोपलीय, आवाज करू नका." एवढं ऐकू आलं. मग तिला नेलं.

त्या दिवसांत तिने काय खाल्लं, मला माहीत नाही. मी विचार करकरून थकले. मी तिला वाढलेलं एकही ताट आठवत नाही. म्हणून तुम्ही पावाचं लिहिलंत त्याला मी उत्तर दिलं नाही. काय देणार होते? तुमचं खरं असणार. माझं पोर माझ्या पलंगाशेजारी उपाशी बसलं असणार.

तेव्हा ताई, तिला तुमच्याकडे राहू द्या. अठरा तारखेपर्यंत थांबायची गरज नाही. कागद आणून द्या, मी सही करते. महिन्याच्या पत्राचा नियम तेवढा मोडू नका.

२१ जून

बाळ,

आता तुला 'तू' म्हणते. हे पत्र वाचून झाल्यावर मला काय म्हणायचं ते तू ठरव.

सही करू नकोस.

९ एप्रिलला मी उशांचे अभ्रे बदलत होते. पावाचे चार तुकडे निघाले. मुंगी दारात उभी होती. मी सहज म्हटलं, "अगं, इथे रोज ताजं मिळतं की तुला. हे शिळं कशाला?" ती म्हणाली, "ते माझं नाही. आईचं आहे."

मी खाली बसले. विचारलं, आईचं म्हणजे?

"आई आपणहून खात नाही. पाव दुधात बुडवून तोंडात दिला तर खाते. शिळा चांगला बुडतो."

"आणि तू काय खायचीस?"

"मी शाळेत जेवायचे. संध्याकाळी शेजारच्या आजी द्यायच्या. मग आईचं घेऊन यायचे."

ऐकलंस? तुझं पोर उपाशी नव्हतं. ते तुला भरवत होतं. वर्ष झालं होतं तुझ्यापासून लांब, तरी तू परत दिसलीस तर घास हाताशी असावा म्हणून साठवत होतं.

हे मला ९ एप्रिलला कळलं. २ मेचं पत्र मी हे माहीत असताना लिहिलं. 'माझा स्वभाव लपवायचा नाही' हेही त्याच पत्रात लिहिलं. स्वतःला समजावलं, की यात काय सांगायचं, पाच-सहा वर्षांच्या पोराने आईला भरवावं हीसुद्धा काही चांगली गोष्ट नाही. ते खरंच आहे. पण मी गप्प बसले ते त्यासाठी नाही. ती माझ्याकडे राहावी म्हणून बसले. माझ्या एका ओळीने तुझ्या फाईलवर डाग पडला होता आणि तो मला सोयीचा होता. मनात मांडे खाऊन बसले होते मी. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव कसं दिसेल इथपर्यंत.

मग तुझं पत्र आलं. तीन आठवडे ते मशीनच्या खणात होतं. शिवताना सुई तुटायची, टाका सुटायचा. शेवटी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी रेडिओ बंद केला, जो बातम्यांच्या वेळी कधी बंद होत नाही. रागावले नाहीत. म्हणाले, "स्टॉप पुढे निघून गेला की बस मागे घेता येत नाही. पण उतरून मागे चालत जाता येतं. चल."

काल दोघं ऑफिसात गेलो. फाईलवाल्या बाईंना मी माझ्या हाताने लिहून दिलं, पाव कशासाठी होता ते. आणि मला कधी कळलं तेही, तारखेसकट. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. म्हणाल्या, "यामुळे तुमचा अर्ज कमजोर होईल, तुम्हाला कल्पना आहे ना?" मी म्हटलं, "होऊ द्या." ह्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तुझ्या पत्राचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी ऐकलं नाही."

अठरा तारखेला ये. डॉक्टरांचे कागद घेऊन ये. आणि या वेळी दार ढकल.

ताई

२० जुलै

ताई,

परवा निकाल लागायच्या आत तुम्ही उठून गेलात. मी कॉरिडॉरमध्ये बघितलं, खालीही बघितलं. काका म्हणाले, "तिला बसमध्ये बसवून आलोय, इथे रडायची नाही म्हणाली." म्हणून आत काय झालं ते लिहिते.

समितीत तिघं होते. मधल्या अध्यक्षबाई वयस्कर. त्यांनी तुमचा कागद मोठ्याने वाचला. मग मुंगीला आत बोलावलं आणि विचारलं, "तुला कुठे राहावंसं वाटतं?"

ती म्हणाली, "आधी मी एक विचारू?"

"विचार."

माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या गोळ्यांची आठवण कोण करतं?"

मी म्हटलं, "मीच. घड्याळात गजर लावते. सकाळी आणि जेवण झाल्यावर."

"विसरलीस तर?"

"शेजारच्या आजींकडे एक पाकीट आहे. त्या विचारतात."

तिने थोडा विचार केला आणि अध्यक्षबाईंना म्हणाली, "मग मी आईकडे." आणि मग रडायला लागली आणि म्हणाली, "पण मावशी बाहेर बसलीय, तिला मी सांगणार नाही, तुम्ही सांगा." त्यांनी सांगायच्या आधी तुम्ही गेला होतात. म्हणून मीच सांगते.

एक सप्टेंबरपासून ती माझ्याकडे येईल. तोवर दर शनिवार-रविवार. एक सभासद म्हणाले, मूल परत रुळेपर्यंत प्रतिपालकांचा संबंध तोडलेला बरा, पूर्वी तशीच पद्धत होती. तेव्हा फाईलवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "साहेब, कायदा बदलला तो असल्या पद्धतींसाठीच. नव्या कायद्यात तोडा असं कुठेही नाही." त्या बाईंना मी वर्षभर मनातून शिव्या दिल्या आहेत.

तुम्ही विचारलंत तुम्हाला काय म्हणायचं ते. ताई. दुसरं काही सुचत नाही.

१५ सप्टेंबर

बाळ,

घर गप्प झालं आहे. हे अजून तीन ताटं घेतात आणि एक परत ठेवताना मला दिसू नये म्हणून खोकतात. मी गणवेशांच्या मागे आहे. शंभर शर्ट, सगळ्यांना तीच कॉलर. बरं आहे, डोकं चालवावं लागत नाही.

रडगाणं गात नाही. तुझं काम, तिची नवी शाळा, सगळं कळलं. तिला पाढे येत नाहीत म्हणून रागावू नकोस, ह्यांनी तिला पाढ्यांऐवजी बसचे मार्ग पाठ करून घेतले आहेत.

तुझं तू बघ आधी. गोळ्या, जेवण, झोप. कामाचे तास वाढवून घेऊ नकोस.

ताई

१४ नोव्हेंबर

ताई,

फाईल बंद झाली. ऑक्टोबरच्या शेवटी बाई आल्या होत्या, घर बघितलं, मुंगीची वही बघितली, खूश झाल्या. शेवटच्या कागदावर सही केली आणि म्हणाल्या, "आता तुम्ही आणि तुमची लेक." चांगल्या मनाने म्हणाल्या. त्या गेल्यावर मला एकदम एकटं वाटलं, ते मी कोणाला बोलले नाही.

लॉन्ड्रीत एक जण सोडून गेली, तिचं काम माझ्यावर आलं. मी नाही म्हटलं नाही. गोळ्या घेते आहे, एकही चुकवली नाही, आजींना विचारा. तरी पाच दिवस झाले, परत तसं झालं आहे. पूर्वीइतकं नाही. उठता येतं. पण उठून बसले की कशासाठी उठले ते कळत नाही. चार दिवस कामाला गेले नाही.

मुंगी काल आणि परवा शाळेत गेली नाही. सकाळी बघितलं तर उशाशी स्टुलावर चहा, वर बशी झाकलेली. गॅस तिने लावला, ताई. सात वर्षांच्या मुलीने. मी म्हटलं शाळेत जा. म्हणाली, "बाईंना सांगितलंय माझ्या पोटात दुखतं." मग माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "कुणी आलं तर मी सांगीन तू आंघोळ करतेयस. तू काळजी करू नको."

तिने हे ज्या शांतपणे म्हटलं ना, त्याची मला भीती वाटली. तिला सराव आहे याचा.

ऑफिसात कळवलं तर ते तिला नेतील. नाही कळवलं तर ती अशीच माझ्या उशाशी बसून राहील. मला दोन्ही करवत नाही. हे पत्रसुद्धा दोन दिवस लिहिते आहे. तुम्ही लांब आहात, तुमचाही संसार आहे. काही करा म्हणून सांगत नाही. फक्त कोणालातरी सांगायचं होतं.

१७ नोव्हेंबर

बाळ,

तुझं पत्र आज सकाळी आलं. गुरुवारी पहाटेच्या बसने निघतो, दुपारपर्यंत पोचतो. हेही येणार आहेत. म्हणतात, दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग बघवत नाही, पण तुझ्यासाठी डोळे मिटून बसेन. शिवणाचं काम शेजारणीकडे दिलं आहे. पंधरा दिवस राहू, लागलं तर महिना. खोली लहान आहे हे माहीत आहे. जमिनीवर झोपायला आम्हाला येतं.

आता रागावशील असं एक सांगते. मी फाईलवाल्या बाईंना कळवलं. पत्र हातात होतं तसंच ऑफिसात गेले. एकदा लपवून बघितलं आहे मी, त्याने कोणाचं भलं झालं नाही. मी त्यांना विचारलं, "नेणार का तिला?" त्या खूप वेळ नियमांचं पुस्तक चाळत बसल्या. मग म्हणाल्या, "आई आजारी पडली तर मूल हलवायचं असं यात नाही. मूल एकटं पडू नये असं आहे. तुम्ही तिथे जाऊन राहिलात तर ते एकटं नाही." मी म्हटलं, हे लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं, शिक्का मारला. तो कागद घेऊन येते आहे. पुढेही असंच चालेल का, हे त्यांना माहीत नाही, मलाही नाही. शुक्रवारी सकाळी दहाला तुझ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, फाईलवाल्या बाईंनीच फोन केला. मी तुझ्याबरोबर येईन. लॉन्ड्रीच्या मालकाशी हे बोलतील. बसचे संप मिटवलेले आहेत त्यांनी, एका मालकाला काय घाबरतात?

तू वाईट आई आहेस का, हे सारखं स्वतःला विचारत असशील. पडल्यापडल्या दुसरं सुचत नाही. मी सांगते, तू आजारी आहेस. आजारी माणसाकडे बघायला मोठं माणूस लागतं, आणि ते गुरुवारी येतं आहे.

आजींकडे निरोप दिला आहे, तोवर त्या दोन्ही वेळा येऊन जातील. आणि मुंगीला हे पत्र वाचून दाखव. तिला म्हणावं, गॅसला हात लावायचा नाही, कोणाला खोटं सांगायचं नाही, आईच्या उशाशी बसायचं नाही. ते मावशी करेल. तिने दप्तर भरायचं आणि शाळेत जायचं.

ताई